तीन मथळे आणि दोन सुगडं

"घे सूनबाई, तोंड गोड कर," असं म्हणून मामंजींनी सकाळी सकाळी माझ्या हातावर पेढा ठेवला.

मामंजी म्हणजे माझे सासरे. पेढा वाटणं हा त्यांचा स्वभाव नव्हता. नातू झाला तेव्हासुद्धा त्यांनी साखरेवर भागवलं होतं.

"कशाचा पेढा?" मी विचारलं.

"कशाचा म्हंजी? तुझ्याच पाहणीचा! गावानं गाळ्यांच्या बाजूनं कौल दिला की." त्यांनी 'ग्रामध्वज'चं पहिलं पान माझ्या नाकासमोर धरलं. 'गाळेच हवेत! येरळगावचा स्पष्ट कौल', आणि खाली, 'शंभरात एक्केचाळीस जण बाजूने, विरोधात केवळ छत्तीस.'

पेढा चांगला होता. मी खाल्ला, लुना काढली आणि कॉलेजला निघाले. तालमीपाशी ज्ञानू वस्ताद रस्त्याच्या मधोमध उभे. अंगावर गुलाल, हातात पुडा.

"मॅडम, थांबा! तुमी मैदान वाचिवलं. आदी पेढा, मग कॉलेज."

"मी? कसं काय?"

वस्तादांनी काखेतला 'खडा पहारा' उलगडला. 'गाळ्यांना येरळगावची पाठ! शंभरातले एकोणसाठ जण बाजूने नाहीत.' मी दुसराही पेढा खाल्ला. मागं पोरांनी फटाक्यांची माळ लावली, तेवढ्यात बाजारपेठेच्या बाजूनं दुसऱ्या माळेचा आवाज आला. तिकडे व्यापारी मंडळ उडवत होतं. एकाच पाहणीच्या विजयाचे फटाके गाव दोन टोकांना फोडत होतं आणि पाहणी करणारी बाई दोन्हीकडचे पेढे खाऊन लुनावर बसली होती.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा येरळगावच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. माझे यजमान फौजेत, मी मुलासह सासू-सासऱ्यांजवळ. गावात भांडण पेटलं होतं ते पागेच्या मैदानावरून. गावाच्या ऐन मध्यावर एवढी एकच मोकळी जागा. मुली तिथं खो-खो खेळत, तालमीची पोरं धावत. नगरपालिकेला तिथं दुकानांचे गाळे बांधायचे होते. नगराध्यक्ष भाऊसाहेब थिटे माणूस सावध. कुणालाच दुखवायचं नाही म्हणून त्यांनी आमच्या कॉलेजला सांगितलं, "गावाला काय वाटतं ते शास्त्रशुद्ध विचारा. मग सर्वसाधारण सभेत मतदान घेऊ." मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी दर दहाव्या घराचं दार वाजवून एकेका माणसाला विचारलं. एक्केचाळीस टक्के गाळ्यांच्या बाजूनं, छत्तीस विरोधात, तेवीस जणांचं मत नाही. आम्ही आकडे दिले आणि पेपरांनी ते उचलले.

स्टाफरूममध्ये प्राचार्य तिसरा पेपर घेऊन बसले होते. 'नवी पहाट'नं लिहिलं होतं, 'येरळगाव गोंधळात! मैदान की गाळे? ठरता ठरेना', आणि शेजारी डोकं खाजवणाऱ्या माणसाचं चित्र.

"जगदाळे मॅडम, तीन पेपर, तीन बातम्या. यातला खोटारडा कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"कुणीच नाही सर. एक्केचाळीस हे छत्तीसपेक्षा जास्तच आहेत. छत्तीस आणि तेवीस मिळून एकोणसाठ होतात. आणि निम्म्याच्या वर कुणीच नाही, म्हणजे ठरलं नाही हेही बरोबर."

"मग खुलासा तरी काय पाठवायचा?"

तीच तर पंचाईत होती. कुणी खोटं छापलं असतं तर चार ओळी खरडून मी मोकळी झाले असते. पण तिघांनी आपापल्या वाचकाला आवडेल तेवढाच आकडा ताटात वाढला होता. 'ग्रामध्वज' बाजारपेठेत खपायचा, 'खडा पहारा' तालमीच्या गल्ल्यांत, आणि 'नवी पहाट' नोकरदारांच्या वस्तीत, जिथं कशातच न पडण्याला समतोल म्हणतात. एका घरात दुसरा पेपर येण्याची पद्धतच नव्हती. पेपर बदलणं म्हणजे सोयरीक मोडण्यासारखं.

संध्याकाळी मी मामंजींना समजावून पाहिलं.

"मामंजी, कौल नाही दिला गावानं. निम्मे लोकसुद्धा बाजूनं नाहीत."

"पेपरात आलंय की."

"अहो, ती पाहणी मीच केलीय!"

"केली आसशील. पर पेपरात आसं आलंय." त्यांनी माझ्याकडे जराशा दयेनंच पाहिलं. चाळीस वर्षं 'ग्रामध्वज' वाचणाऱ्या माणसापुढं सून म्हणजे काय, आज आहे उद्या माहेरी. शिवाय त्यांना एक गाळा हवा होता. माझा धाकटा दीर शिवराज, शिकून घरी बसला होता. त्याला पंखे-दिव्यांचं दुकान टाकून द्यायचं मामंजींनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. मला माझा दीर आवडायचा.

पण माझ्या सासूबाई त्या दिवशी काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मला खटकलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. या आत्याबाई भाकरी थापताना बोलत, दळण निवडताना बोलत, झोपेतही थोडं बोलत. मैदानाचा विषय निघाला की मात्र चुलीकडं तोंड.

मला पाहणीचा दिवस आठवला. आमचं घर दहावं निघालं होतं. माझ्याच घरी मी विचारणं बरं नव्हे म्हणून एक विद्यार्थिनी आली होती. मी आत पोहे परतत होते. पोरीनं आत्याबाईंना विचारलं, "आजी, मैदानावर गाळे व्हावेत की नको?"

"हे भाइर गेल्यात. आल्यावं इचारून सांगते," आत्याबाई म्हणाल्या.

"पण तुमचं मत हवंय, आजी."

"माजं काय? त्येंचं त्येच माजं."

पोरीनं 'मत नाही' असं नोंदवलं. तिच्याजवळ दुसरा रकानाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी घरी न जाता पागेच्या मैदानावर गेले. मैदानाच्या एका अंगाला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. रोज पाच वाजले की गावातल्या बाया पोराबाळांना खेळवायचं निमित्त करून तिथं येऊन बसत आणि दिवेलागणीला उठत. पुरुषांना चावडी होती, पार होता, वाचनालय होतं, न्हाव्याचं दुकान होतं. बायांना या पायऱ्या. मी पाच मिनिटं मागच्या पायरीवर बसून राहिले. समोर आत्याबाई, शेजारी बागवान गल्लीतली रशीदा, त्यापलीकडे शेवंताकाकू. काकूंचे यजमान वारल्याला दहा वर्षं झाली होती आणि तेव्हापासून त्यांना कुणी कुंकवाला बोलावलं नव्हतं.

"गाळं झाल्यावं आपुन बसायचं कुटं गं?" शेवंताकाकू म्हणाल्या.

"घरात," रशीदा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हसणं लगेच थांबलं.

"चाळीस वर्सं झाली हितं बसते मी," आत्याबाई म्हणाल्या. "थोरला फौजेत गेला तवा हितंच रडले. घरात रडाय जागा न्हवती. सासरा दारात बसलेला."

मी पुढं जाऊन त्यांच्याजवळ बसले. "आत्याबाई, मग पाहणीत हे का नाही सांगितलंत?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की शिकवलेली सगळी वर्षं फुकट गेली. "तुज्या कालेजच्या पोरीनं दारात यून इचारलं बाई. हे ओट्यावं न्हाईतर ह्येंचा डोळा ओट्यावं. शिवराजच्या दुकानाच्या आड आई आली, आसं व्हायाला पायजे का? दारात काय सांगनार?"

"तुम्हीसुद्धा असंच सांगितलंत?" मी बाकीच्यांना विचारलं.

"हमारे यहाँ तर सासऱ्यांनी दार उघडलं," रशीदा म्हणाली. "पोरीनं मला विचारलं, तर मी मागनं म्हणलं, त्यांनाच विचारा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी घरी येऊन पाहणीतला तो 'मत नाही'चा तिसरा रकाना पाहिला. त्यातली जवळजवळ सगळी नावं बायांची होती. 'ग्रामध्वज'नं त्यांना वगळलं होतं, 'खडा पहारा'नं आपल्या खात्यात ओढलं होतं, 'नवी पहाट'नं गोंधळलेल्या ठरवलं होतं. एकीलाही कुणी विचारलं नव्हतं. आणि सभा रथसप्तमीच्या आदल्या दिवशी होती.

पुन्हा दारोदार जाऊन उपयोग नव्हता. दार तेच आणि ओटाही तोच. बायांना पुरुषांवाचून विचारता येईल अशी जागा हवी होती. मी विचार करत बसले आणि मग मोठ्यानं हसले. संक्रांत तोंडावर आली होती!

"मामंजी," मी जेवताना म्हटलं, "यंदा हळदीकुंकू मोठं करायचं म्हणते."

"कर की," मामंजी म्हणाले. "मी वाचनालयात जाऊन बसतो."

हळदीकुंकवाच्या वेळी पुरुषमाणसानं घरात थांबायचं नाही, हा आमच्या गावचा अलिखित कायदा. नगराध्यक्षसुद्धा त्या दिवशी चपला घालून निघून जातात. सरकारला जे मतदान केंद्रावर शिपाई उभे करून साधत नाही ते आमच्याकडं करंडा ठेवला की आपोआप साधतं.

मी कुंभाराकडून घागरीच्या धाकट्या बहिणी शोभतील अशी दोन थोरली सुगडं करून आणली. आमंत्रणं फक्त त्या तिसऱ्या रकान्यातल्या घरांना. आत्याबाईंना बेत सांगितला.

"शेवंतालाबी बोलिव," त्या म्हणाल्या. "आन् रशीदालाबी."

"लोक बोलतील, आत्याबाई."

"बोलूं देत. बोराला कुटं कुकू लागतंय?"

माजघरात पडद्याआड दोन पाट मांडले. डावीकडच्या सुगडापुढं मैदानातली मूठभर माती, उजवीकडच्या पुढं एक वीट. दारात आत्याबाई प्रत्येकीच्या हातावर एकच बोर ठेवत आणि सांगत, "मैदान राहावं वाटलं तर मातीपाशी, गाळं व्हावं वाटलं तर विटंपाशी. आत येकटीनं जायाचं. मी इचारनार न्हाई, सूनबाई इचारनार न्हाई, देव इचारनार न्हाई."

बाया एकेक करून आत गेल्या. काही झटक्यात बाहेर आल्या. एक तरणी सून इतका वेळ आत राहिली की मला वाटलं बोर खाऊन टाकलं. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती आणि हसतही होती. "बाई, मला आजवर कुणी काय इचारलंच न्हवतं," ती मला म्हणाली. माझा हात तिच्या ओटीतच राहिला. पाहणीचं पुस्तक मी अनेक वर्षं शिकवलं, त्यात हे कुठंच नव्हतं.

शेवटी आत्याबाई स्वतः आत गेल्या. मी पाठ फिरवून उभी राहिले.

सभेच्या दिवशी नगरपालिकेचं सभागृह गच्च भरलं. मागच्या बाकांवर गावकरी. त्यातल्या पहिल्या बाकावर मामंजी, हातात 'ग्रामध्वज'ची सुरळी. पलीकडे वस्ताद, हातात 'खडा पहारा'ची. व्हरांड्यात बाया उभ्या होत्या, त्यांना बाक नव्हते. त्यांना मी बोलावलं नव्हतं. आत्याबाई सकाळी एवढंच म्हणाल्या होत्या, "आमी आपल्या लांबनं बगू."

भाऊसाहेबांनी मला उभं केलं. "मॅडम, आमची पंचाईत झालीय. तीन पेपरांत तीन येरळगावं दिसतात. खरं कुठलं?"

"आकडे तिन्ही पेपरांनी बरोबर छापलेत, साहेब," मी म्हणाले. "फक्त तेवीस टक्के माणसांचं मत कुणी विचारलं नाही. मीसुद्धा दारातच विचारलं होतं. आता नीट विचारून आणलंय."

मी पिशवीतून दोन्ही सुगडं काढून टेबलावर ठेवली, पुढं माती आणि वीट ठेवली, आणि रीत समजावून सांगितली. मातीपुढचं सुगड काठोकाठ भरलेलं. विटेपुढच्याचा तळ जेमतेम झाकलेला.

सभागृहात हशा पिकला. गाळ्यांचे पुढारी नगरसेवक पोपटराव उठले. "अध्यक्षमहाराज, ही नगरपालिका हाय का बोराचा बाजार? ही बोरं कुणाची? नावं द्या. बिननावाची बोरं आमच्या बांधावंबी पडत्यात!"

"नावं मिळणार नाहीत," मी म्हणाले. "शब्द दिलाय."

"मग हे खेळणं उचला. अध्यक्षमहाराज, मतदान घ्या."

भाऊसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मग सुगडांकडं पाहिलं. त्यांना नावाशिवाय काही करता येत नव्हतं आणि मला नाव देता येत नव्हतं. त्यांनी घंटेकडं हात नेला. मैदान गेलं, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट उमटलं. सुगडं उचलायला मी हात पुढं केला.

"त्यात येक बोर माजं हाय."

आवाज व्हरांड्यातून आला. मामंजींची मान आधी वळली. चाळीस वर्षांचा संसार, त्यांनी आवाज माझ्याआधी ओळखला. आत्याबाई दारात उभ्या होत्या. डोक्यावरचा पदर त्यांनी घट्ट धरला होता. आवाज मात्र मोकळा होता.

"द्वारकाबाई जगदाळे. लिवून घ्या नाव."

"कुठल्या सुगडात टाकलं ते सांगा की मग!" पोपटराव म्हणाले.

आता मात्र मी गप्प बसणार नव्हते. "तेवढं विचारायचं नाही, पोपटराव. तुम्हाला मत कुणी दिलं आणि कुणी नाही, हे घरोघर विचारून निवडून आलात का?"

बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. तेवढ्यात आत्याबाईंच्या मागून रशीदा पुढं आली. "एक माझं. रशीदा बागवान." मग शेवंताकाकू. मग ती डोळे पुसणारी तरणी सून. तिचं नाव पहिल्यांदा कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मग व्हरांड्यातून नावंच नावं यायला लागली. मुख्याधिकारी लिहून घेता घेता मेटाकुटीला आले.

सभागृहात नगरसेविकाही होत्या. त्यांचा हात कधी वर जायचा ते बहुधा मागं बसलेल्या यजमानांच्या खोकल्यावर ठरे. त्या दिवशीही एक खोकला आला, चांगला दणदणीत. कुसुमताई पाटणे उठल्या आणि मागं वळल्या.

"खोकू नका," त्या म्हणाल्या. "येक माजंबी हाय त्यात. आन् आज माजा हात मी ठरवीन."

मतदान झालं. गाळ्यांचा ठराव पडला. कुसुमताईंच्या पाठोपाठ आणखी दोन नगरसेविकांचे हात खालीच राहिले, आणि त्या तीन हातांनी मैदान राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी पुन्हा पेढे आणले. त्यांच्या पेपरात होतं, 'रणरागिणींनी मैदान राखलं!' 'नवी पहाट'नं लिहिलं होतं, 'बोरांनी सभागृहाला फोडला घाम', म्हणजे कौल कुणाचा ते पुन्हा नाहीच. आमच्या घरी पेढे नव्हते. मामंजी ओट्यावर 'ग्रामध्वज' घेऊन बसले आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचू लागले.

"'मूठभर महिलांच्या गोंधळामुळे गावाचा विकास रखडला.'" ते थांबले. पुन्हा वाचलं. "मूठभर?"

मी दारात चहा घेऊन उभी होते. आत्याबाई आत होत्या.

"व्हरांडा भरला हुता की," मामंजी आपल्याशीच म्हणाले. "जिन्यावंबी उभ्या हुत्या. मी हुतो की तितं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मथळा होता तोच राहिला. मग त्यांनी पेपराची घडी घातली आणि खाली ठेवली. माझ्या समोर त्यांनी तो पेपर अर्धा वाचून ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला. "ह्येंनी चुकीचं छापलंय," ते मला म्हणाले, जणू मीच छापलं होतं.

शिवराजला पुढं एसटी स्टँडच्या रस्त्यावर दुकान मिळालं आणि ते उत्तम चाललं, हे आता सांगायला सोपं आहे. त्या दिवशी मात्र दिवसभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. पाचच्या सुमाराला आत्याबाई नातवाचा हात धरून बाहेर आल्या आणि ओट्याखाली चपला चाचपू लागल्या. मामंजींनी घसा खाकरला.

"ऐकलंस का?"

"काय?"

"तुजं बोर," त्यांनी मान दुसरीकडं वळवूनच विचारलं, "कंच्या सुगडात हुतं गं?"

सबंध संसारात त्यांनी आत्याबाईंना काय वाटतं ते विचारण्याची ही पहिली वेळ होती. आत्याबाईंचा हात चपलेवरच थांबला. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि त्यांच्या तोंडावर एक हसू आलं, अगदी लहान पोरीचं.

"मैदानावं चाललेय," त्या चपला घालत म्हणाल्या. "बायकास्नी इचारून सांगते."